सावली दुप्पट होईपर्यंत

रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलचा टायर फुटला आणि माझ्या वर्गातल्या अकरा मुली बाकांखाली गेल्या. मी फळ्याकडे तोंड करून भूमितीची आकृती काढत होते. वळून पाहिलं तर अठरापैकी सातच चेहरे दिसत होते, आणि तेही पांढरे पडलेले. कुणी ओरडलं नाही. तेच मला जास्त लागलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली दचकल्या की किंचाळतात आणि मग एकमेकींना हसतात. या मुली मुकाट खाली गेल्या आणि मी "टायर होता गं" म्हटल्यावर तशाच मुकाट वर आल्या.

पोलीस कारवाई होऊन तेव्हा वर्षावर दिवस झाले होते. संस्थान भारतात आलं होतं, कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले होते, शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली होती. त्याआधी, रझाकारांच्या दिवसांत, आमची मुलींची शाळा कितीतरी महिने बंद होती. मुली घरात, खिडक्या लावलेल्या, गच्चीवर जायला बंदी. कारवाईनंतर ती भीती आमच्या गल्लीतून उठली आणि शेजारच्या मुसलमान गल्लीत जाऊन बसली. आता तिथल्या मुली खिडकीआड होत्या. पण आमच्या मुलींच्या अंगातून मात्र ती गेली नव्हती. मधल्या सुट्टीत त्या मैदानावर यायच्या नाहीत. डबा बाकावरच उघडायचा, बाकावरच संपवायचा.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं. हिमायतनगरात आईबरोबर राहत होते. वडील कोर्टात पेशकार होते, न्यायाधीशांसमोर कागद मांडायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत गेले. त्या मुली बाकांखालून वर आल्या तेव्हा मला आठवले ते वडीलच.

वडिलांना साखरेचा आजार होता. हकिमांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. सुट्टीच्या सकाळी ते मला बरोबर घ्यायचे. विद्यापीठाच्या इमारती तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागे नुसता माळ होता, हत्तीएवढे दगड एकावर एक ठेवल्यासारखे, मधेमधे सीताफळाची झुडपं आणि तरवड. मी तेरा वर्षांची असताना एकदा माझ्या पायात काटा मोडला. वडील म्हणाले, "तू या दगडावर बस. मी तलावापर्यंत जाऊन येतो." वाटेत त्यांना कुणी वकील भेटले आणि ते बोलत बसले. दोन तास आले नाहीत. पहिला अर्धा तास मी रडले. मग रडून कंटाळले. कंटाळाही संपल्यावर पुढे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. दगड एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने ऊन होता. मुंग्यांनी एका मेलेल्या भुंग्याला माझ्या पायाशेजारून नेलं. तितरांची जोडी झुडपातून बाहेर आली आणि मी तिथे नाहीच अशी चरत राहिली. त्या दोन तासांत मी फार शहाणी झाले असं म्हणणार नाही, पण त्यानंतर एकटीने असायची मला कधी भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सांगितलं की मला या मुलींना माळावर न्यायचं आहे.

"सहलीला ना? न्या की."

"सहलीला नाही. प्रत्येकीला एकेका दगडावर एकटं बसवायचं आहे. सकाळपासून दुपार कलेपर्यंत. न बोलता."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिक्षा म्हणून?"

"नाही. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की आपण काय करतो? तिला कोपऱ्यात बसवतो, वेगळी चटई, वेगळं ताट. तिला पहिली गोष्ट कळते ती ही की आता कशाला शिवायचं नाही. त्यात रझाकारांचं ते सगळं वर्ष घरात कोंडून गेलं. या मुली मोठ्या झाल्या त्या दार लावलेल्या घरात, बाई. कुणीतरी त्यांना बाहेर नेऊन मोठं करायला हवं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "प्रत्येकीच्या वडिलांची सही आणा. एक जरी मुलगी सहीशिवाय गेली तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही."

मग मी घरोघर फिरले. शाळा सुटली की निघायची, दिवेलागणीला परत. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली सरकारी नोकरांच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या उर्दूत दफ्तर लिहिणारी माणसं. नव्या राज्यात आपली नोकरी राहील की जाईल या चिंतेत होती. त्यांना मुलीच्या दगडावर बसण्याचं काय कौतुक असणार? कुणी साप-विंचू म्हटलं, कुणी लोक काय म्हणतील म्हटलं. महसूल खात्यातल्या एका कारकुनाकडे गेले तर त्यांची पत्नी दाराआडून म्हणाली, "बसवायचंच तर दर महिन्याला घरात बसवतोच की आम्ही."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही तिला सांगता, शिवू नकोस. मी तिला सांगणार आहे, बघ."

दाराआड बांगड्या वाजल्या आणि ती आत निघून गेली. पण कारकुनाने सही केली. का केली ते त्यांनाच ठाऊक. बहुधा मी उठत नव्हते म्हणून.

सात सह्या मिळाल्या. अकरा घरांनी नकार दिला, आणि त्यांतला एक नकार मला पटण्यासारखा होता.

वर्गात एक मुलगी होती, परभणीकडच्या शेतकरी कुटुंबातली. रझाकारांच्या वेळी तिच्या गावावर हल्ला झाला, तेव्हा ती आणि तिची आई तीन दिवस उभ्या ज्वारीत लपून राहिल्या होत्या. कडेवर धाकटा भाऊ. आवाज करायचा नाही एवढंच आई तिला सांगत होती. ते तिने इतकं मनावर घेतलं की अजून ती बोलत नव्हती. मुकी नव्हती. प्रश्न विचारला तर "हो" किंवा "नाही" म्हणायची, ओठांतल्या ओठांत. आई गावी शेत सांभाळत होती. मुलीला शिकायला म्हणून शहरात चुलत्याकडे ठेवलं होतं. चुलता नारायणगुड्याजवळ एका खोलीत राहायचा आणि धान्याच्या वखारीत मापाड्याचं काम करायचा.

त्याने मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, ही पोर रानातूनच पळून आली. तीन दिवस जवारीत बसली. आता तुम्ही तिला परत रानात नेऊन बसवणार?"

 मी उठले. घरी येईपर्यंत मला स्वतःचीच शंका यायला लागली. माझे दोन तास आणि तिचे तीन दिवस मी एका तराजूत घालत होते की काय? वडिलांचा तो उशीर मला मानवला, म्हणून तो सगळ्यांना मानवेल हे कशावरून?

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर मी वर्गात वह्या आवरत होते. ती मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मला यायचंय."

मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं. मला एकदम होकार द्यावासा वाटला. पण मी म्हटलं, "काका नको म्हणाले आहेत. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही. तू विचार. मी तुझ्याशेजारी उभी राहीन, पण बोलायचं तू."

तिने मान हलवली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिलो. चुलता भाकरी खात होता. तो माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्याने हात धुतले, उरलेला तुकडा बाहेर कावळ्याला टाकला, परत येऊन बसला. तेव्हा ती म्हणाली, "काका, तिथं मी लपायला बसले होते. इथं नाही."

चुलत्याने तिच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "मीपण येईन. वर नाही येणार. सडकेवर बसेन." आणि सही करता येत नव्हती म्हणून त्याने अंगठा दिला.

आठ मुली झाल्या. मी लगेच त्यांना दगडावर नेऊन बसवलं नाही. पाच-सहा रविवार आम्ही नुसत्या चाललो, मधे घटकाभर एकत्र बसलो, सकाळी निघून ऊन चढायच्या आत परत. दगडाखाली हात घालायच्या आधी काठीने आपटायचं, गवतातून पाय वाजवत जायचं, तहान लागायच्या आधी घोटभर पाणी प्यायचं, हे शिकवलं. सावलीवरून वेळ ओळखायला शिकवलं. हातभर काठी जमिनीत उभी रोवायची. त्या दिवसांत सकाळी नवाच्या सुमाराला तिची सावली काठीच्या दुप्पट असते. ऊन चढेल तशी ती आखडते, उन्हं कलली की पुन्हा लांबते. पुन्हा दुप्पट झाली की उठायचं. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. आपली सावली आपण बघायची आणि आपणच परत यायचं.

एका रविवारी एक मुलगी दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आज मी बाजूला आहे." मी म्हटलं, "चल. दगडाला विटाळ नसतो." ती आली. पुढे तिच्या आजीने मला आठ दिवस शिव्या घातल्या, ते वेगळं.

माळावर शेळ्या चारणारी एक लंबाडी, म्हणजे लमाणी, बाई असायची. साठीची असेल, हातभर बांगड्या, पायात चप्पल नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडे बघून तिने विचारलं, "ये पोट्टियां यहां क्या करतीं?"

"बैठतीं," मी सांगितलं.

"बैठको क्या करतीं?"

"कुछ नई."

"कुछ नई करने को इत्ती दूर आतीं?" ती इतकी हसली की शेळ्या वळून बघायला लागल्या. पण पुढच्या रविवारी तीच आमच्यापुढे चालली. कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे ते तिने दाखवलं, कुठल्या खळग्यात पाणी टिकतं ते दाखवलं, आणि शेवटी म्हणाली की तुम्ही बसता ती जागा वाईट आहे, येणारे-जाणारे फार. टेकडीच्या त्या अंगाला चला, तिथे कुणी येत नाही, दुपारी सावलीही येते.

ती जागा पाहायला मी एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर एकटी गेले. जागा खरोखरच चांगली होती. मधे एक कडुनिंब आणि त्याच्याभोवती हाकेच्या अंतरावर मोठमोठे दगड. फक्त टेकडीच्या पलीकडे दगडाची खाण होती. मी मुद्दाम तिथे उतरले. खाण शांत होती. खाणीचा हिशेब ठेवणारा मुनशी खाटेवर पडला होता. मी त्याला विचारलं, सुट्टीच्या दिवशी सुरुंग लावता का?

"नक्को फिकर करो बाई. छुट्टी के दिन काम नई रहता. देखो, आज बंदइच है ना."

मी समाधानाने परत आले. त्याच्या बोलण्यातला 'आज' माझ्या कानावर पडला होता, पण मनात शिरला नाही. आमची सुट्टी रविवारची झाली होती. त्या खाणीची अजून शुक्रवारचीच होती.

ठरलेल्या रविवारी आम्ही पहाटे उठून निघालो. प्रत्येकीजवळ पाण्याचा तांब्या, भाकरी-चटणीची पुरचुंडी, अंगावर घ्यायला चादर आणि काठी. पुस्तक नाही, विणकाम नाही. चुलता ठरल्याप्रमाणे सडकेवरच्या पुलाच्या कठड्यावर बसला. महसूल कारकुनाची मुलगी सगळ्यांत नाजूक, ती वाटेतच दोनदा रडली आणि दोनदा स्वतःच थांबली. कडुनिंबाखाली मी प्रत्येकीला विचारलं, "जातेस?" प्रत्येकीने "जाते" म्हटलं आणि आपापल्या दगडाकडे गेली. दगड आल्याबरोबर फिरून त्यांनीच निवडले होते. कडुनिंबाखालून मला कुणी दिसत नव्हतं आणि त्यांना एकमेकी दिसत नव्हत्या.

मी दिवसभर काय केलं? काळजी केली. लंबाडी बाई अधूनमधून शेळ्यांमागून यायची आणि दुरूनच हाताने खूण करायची, सगळ्या आहेत. दुपार झाली. भाकरी खाल्ली. काठीची सावली आखडून पुन्हा वाढायला लागली होती. माझ्या मनात आलं, झालं, निभावलं.

तेवढ्यात सुरुंग उडाला.

जमीन पायाखालून हलली आणि मग आवाज आला, दगडांवर आदळत, परत येत, पुन्हा जात. कडुनिंबावरचे सगळे पक्षी एकदम उठले. मला काय झालं ते क्षणभर कळेना आणि कळलं तेव्हा एकच गोष्ट समजली, की हे माझ्यामुळे झालं. टायर फुटल्यावर बाकाखाली जाणाऱ्या मुलींना मी उघड्या माळावर एकटं बसवून हा आवाज ऐकवला होता.

मुली धावत आल्या. एक, दोन, मग तिघी एकदम, मग आणखी एक. कुणाच्या पायाला खरचटलं होतं, एकीची चादर काट्यांत अडकून राहिली होती. सहा आल्या. दोघी आल्या नाहीत, कारकुनाची मुलगी आणि ती ज्वारीतली.

लंबाडी बाईला या सहांजवळ बसवून मी पळाले. ज्वारीतल्या मुलीचा दगड आधी लागला. काठी रोवलेली होती, तांब्या होता, भाकरीची पुरचुंडी नीट बांधलेली होती. ती नव्हती. मी तिचं नाव घेऊन हाका मारल्या आणि मारतामारताच मनात आलं, ही हाकेला ओ देणार नाही. तिला तेच शिकवलेलं आहे. चुलत्याला मी काय सांगणार होते?

मग मला बोलणं ऐकू आलं. दुसऱ्या दगडाच्या पलीकडे, सीताफळाच्या झुडपातून. कारकुनाची मुलगी पोटावर आडवी पडून थरथरत होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ती मुलगी बोलत होती, हळू, न थांबता.

"तोंड उघडं ठेव. दात दाबू नको. आता माती मोज. एका मुठीत किती खडे येतात ते बघ. मी पण मोजायचे. ढेकळं मोजायचे मी. संपले की परत मोज. आवाज गेला बघ. आवाज जातो. आपण इथंच असतो."

मी झुडपाबाहेर उभी राहिले. पुढे जाववेना. किती खडे झाले विचारल्यावर कारकुनाची मुलगी रडतरडत म्हणाली, "तेवीस." मग ती मुलगी मला बघून उठली आणि म्हणाली, "बाई, मी जागा सोडली."

"बरं केलंस," मी म्हटलं. 

आम्ही कडुनिंबाखाली परतलो तोवर चुलता सडकेवरून धावत वर आला होता. त्याला धाप लागली होती. त्याने मुलीचं मनगट धरलं. "चल. पुरे झालं." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं.

तिने मनगट सोडवून घेतलं नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "काका, सावली अजून दुप्पट नाही झाली."

"अगं पण हा आवाज..."

"खाणीतला आहे. तुम्ही जाऊन विचारा, अजून आहे का. आम्ही इथं थांबतो."

चुलत्याला आयुष्यात या पोरीने कधी कामाला लावलं नसेल. तो गेला. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याचा राग पुष्कळ उतरला होता. खाण चालूच होती, सुट्टी शुक्रवारची, हे त्यानेच येऊन सांगितलं. अजून एक सुरुंग भरलेला होता. भरलेला सुरुंग तसा ठेवता येत नाही, तो उडवावाच लागतो. त्यानंतर दिवसभर लावणार नाहीत, तसा त्याने मुनशीकडून शब्द घेतला होता. दगड टेकडीच्या या बाजूला येत नाहीत, हेही त्याने स्वतः फिरून पाहिलं होतं.

मी मुलींना समोर बसवलं आणि जसं होतं तसं सांगितलं. चूक माझी आहे, मी दिवस नीट विचारला नाही. अजून एक आवाज होणार आहे, पहिल्याएवढाच. दगड इथे येणार नाहीत. ज्यांना घरी जायचं असेल त्यांना मी आत्ता घेऊन जाते, आणि जाण्यात कमीपणा काही नाही. मोठ्या माणसांनी तुम्हाला कायम काहीतरी झाल्यावर सांगितलं आहे. या वेळी मी आधी सांगते आहे. ठरवायचं तुम्ही.

 ज्वारीतली मुलगी उठली, काठी घेतली नाही, ती तिकडेच रोवलेली होती, आणि आपल्या दगडाकडे चालायला लागली. कारकुनाची मुलगी तिच्यामागे धावली. "मी तुझ्या दगडावर येऊ?"

"नको. तुझ्या दगडावर बस. माझ्या बाजूला तोंड करून बस."

मग एकेक करून पाच गेल्या. एक गेली नाही. ती माझ्याजवळ कडुनिंबाला टेकून बसली आणि म्हणाली, "बाई, मी इथेच बसते, चालेल?" मी म्हटलं, चालेल. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या दिवशी 'नाही' म्हणणारी ती एकटी होती आणि त्यालाही छाती लागते.

दुसरा सुरुंग उडाला तेव्हा चुलता माझ्यापासून दहा पावलांवर उकिडवा बसला होता. त्याने दोन्ही हातांनी गवत धरलं. पक्षी उडाले, धुरळा टेकडीमागून वर आला, आणि मग शांत झालं. मी मुलींच्या पावलांचा आवाज ऐकत होते. एकही पाऊल वाजलं नाही. चुलता डोळे पुसत म्हणाला, "बसल्या बघा, बाई. बसल्या."

सावली दुप्पट झाली आणि त्या आल्या. एकदम नाही, प्रत्येकीची काठी वेगळी, प्रत्येकीचं माप थोडं वेगळं. मी ठरवलं होतं की परत येणाऱ्या प्रत्येकीला फक्त "आलीस?" एवढंच विचारायचं आणि तिने "आले" म्हणायचं. तसंच केलं. त्या दिवशी काय पाहिलं, काय वाटलं, हे मी विचारलं नाही. कारकुनाच्या मुलीने आपणहून सांगितलं की एक सरडा तिच्या दगडावर येऊन मान वरखाली करत होता आणि सुरुंगानंतर तो पळाला, पण परत आला.

दुसऱ्या दिवसापासून या आठजणींना मी एक काम दिलं. धाकट्या वर्गांतल्या मुलींना शाळा सुटल्यावर घरी पोचवायचं. आधी ते काम शाळेची दाई करायची. आता या आठजणी पुढे-मागे राहून वीस-पंचवीस मुलींची रांग नारायणगुड्यापासून हिमायतनगरापर्यंत न्यायच्या. रस्त्यावर काही वाजलं की धाकट्या दचकायच्या आणि या थांबून बघायच्या, कशाचा आवाज होता ते.

सुरुंगाची बातमी अर्थातच घरोघर गेली. शाळेच्या मंडळाने मला बोलावलं. नामपल्लीजवळच्या एका दिवाणखान्यात पाच सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी चूक कबूल केली, कारण ती होती. पण पुन्हा नेणार का असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. एक जण म्हणाले, "एवढं झाल्यावरही?" मी म्हटलं, "एवढं झालं म्हणूनच." मला तीन महिने वर्ग दिला नाही, ग्रंथालयात बसवलं. मी ग्रंथालयात बसले. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, या वेळी खाणीच्या मुनशीचा लेखी कागद जोडून. मोठ्या बाईंनी त्यावर मंजुरी लिहिली आणि मंडळाला न विचारता लिहिली.

ती ज्वारीतली मुलगी मॅट्रिक झाली आणि आपल्या जिल्ह्यात शिक्षिका झाली. काही वर्षांनी राज्याची भाषावार वाटणी झाली, तिचा जिल्हा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. तिची पत्रं येत राहिली, लांबलचक. एकदा तिने लिहिलं होतं की ती वर्गात फार बोलते अशी तिच्या मुलांची तक्रार आहे.

दुसऱ्या वर्षी बारा मुली आल्या. मुलींबरोबर त्यांच्या घरचं कुणीतरी सडकेपर्यंत यायचं, तशी त्या महसूल कारकुनाची पत्नी धाकट्या मुलीला सोडायला आली होती, डोक्यावरून पदर, नजर खाली. मुली आपापल्या दगडांकडे गेल्यावरही ती पुलावर परत गेली नाही. कडुनिंबाजवळ उभी राहिली.

"टांगा थांबलाय ना तुमचा?" मी विचारलं.

"थांबू दे," ती म्हणाली. मग, दुसरीकडे बघत, "बाई, एखादा दगड उरलाय का?"

मी तिला काठी दिली. ती तिला कशी रोवायची ते सांगायला लागले, तर म्हणाली, "ठाऊक आहे. थोरलीने दाखवलं आहे." त्या दिवशी ती सगळ्यांत शेवटी आली. इतका वेळ बसायची सवय नव्हती, पाय आखडला होता. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. "येते मी," म्हणाली आणि लंगडत, दगडांना धरत, स्वतःच उतरली.